नदीकाठची सफाई: कचरा अडकतो कुठे, उचलायचा कसा आणि मग न्यायचा कुठे

नदीकाठच्या सफाईची आखणी करताना बहुतेक गट आधी तारीख ठरवतात, मग माणसं जमवतात, मग हातमोजे आणि पोती आणतात. भरलेली पोती न्यायची कुठे, हा प्रश्न निघतो सगळ्यात शेवटी, ढीग समोर उभा राहिल्यावर. हा क्रम उलटा करायला हवा. त्याच दिवशी काठावरून हलवता येईल तेवढाच कचरा उचलायचा, हा या कामातला पहिला नियम आणि बाकीचं बरंचसं त्यावरूनच ठरतं. रात्रभर काठावर राहिलेली पोती कुत्री फाडतात, उंदीर कुरतडतात, आणि वरच्या अंगाला पाऊस झाला तर पाणी चढून ती अख्खीच्या अख्खी वाहून जातात. झुडपात विखुरलेला कचरा निदान अडकून तरी होता.

म्हणून पहिला फोन गाडीसाठी करायचा. त्यासाठी अंदाज असा बांधता येतो. ६०-७० लिटरचं पोतं दोन-तृतीयांश भरलं की त्यात ओला, चिखलाळलेला मिश्र कचरा साधारण ८ ते १२ किलो बसतो. एक माणूस दोन तासांत अशी दोन-तीन पोती भरतो. म्हणजे २५ जण आले तर ५० ते ७५ पोती आणि ४०० ते ९०० किलो वजन. टायर, गाद्या, तुटकं फर्निचर यांची जागा वेगळी धरा. एवढा माल घ्यायला कोण तयार आहे, किती वाजता, आणि त्यांना तो वेगळा केलेला हवा की एकत्र चालेल, हे कचरा उचलणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर सफाई ठेवू नका. रविवारी गाडीच येत नाही किंवा कचरा डेपोचं फाटक दुपारी बंद होतं, ही माहिती ऐन वेळी कळून उपयोग नसतो.

गाडी नदीच्या किती जवळ येते, हेही मोजून बघा. उचलण्यापेक्षा वाहून नेणं जास्त दमवतं. दहा किलोचं पोतं घेऊन निसरडा चढ चढायचा आणि मग दोनशे मीटर चालायचं, अशा दहा फेऱ्यांत धडधाकट माणूसही गळतो. गाडीची वाट लांब असेल तर एकूण माणसांपैकी निदान एक-तृतीयांश फक्त वाहतुकीला ठेवा, नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात सगळं काम तिथेच तुंबतं.

कचरा कुठे अडकतो

काठावर कचरा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कोणती वस्तू कुठे सापडणार, हे तिची घनता, पाण्याचा वेग आणि काठाचा आकार मिळून ठरवतात. पाण्याची घनता १ धरली तर पिशव्या, झाकणं, दोऱ्या ज्यांच्या बनतात ते पॉलिइथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन ०.९० ते ०.९७ च्या आसपास असतात, म्हणून तरंगतात. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या ज्याच्या असतात ते पेट प्लॅस्टिक साधारण १.३८ घनतेचं, म्हणजे मुळात बुडणारं. तरीही झाकण घट्ट असलेली रिकामी बाटली आतल्या हवेवर तरंगत कित्येक किलोमीटर जाते. झाकण निघालं की बाटली पाण्याने भरून तळाशी बसते आणि झाकण एकटंच पुढे निघून जातं. काठावर झाकणांचा खच दिसतो आणि त्या मानाने बाटल्या कमी, तो यामुळे. उरलेल्या बाटल्या बहुतेक गाळात असतात.

थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते. ते पाण्यात बुडतच नाही, त्यामुळे त्याच्यावर प्रवाहाइतकीच वाऱ्याची सत्ता चालते. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथल्या गवतात त्याचे पांढरे गोळे साचतात. खाऊच्या पाकिटांचं बहुपदरी वेष्टन सुरुवातीला तरंगतं, पण त्यावर शेवाळ धरलं, घडीत गाळ शिरला की जड होऊन खाली जातं. पातळ पिशव्या पाण्याच्या मधल्या थरात फडफडत जातात आणि पाण्यात झुकलेल्या फांद्यांवर अडकून राहतात. डोक्याच्या वर, झाडाच्या शेंड्याला लटकलेल्या चिंध्या दिसल्या तर शेवटच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते तिथेच कळतं.

नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी वेगाने जातं आणि काठ कापतं. आतल्या बाजूला ते मंदावतं आणि सोबत आणलेला गाळ, पालापाचोळा आणि कचरा खाली टाकतं. त्यामुळे सर्वाधिक कचरा वळणाच्या आतल्या काठावर मिळतो. सुदैवाने काम करायलाही तीच जागा बरी: उतार सौम्य, पाणी उथळ. बाहेरचा काठ उभा असतो आणि बऱ्याचदा खालून पोखरलेला. वरून हिरवळ दिसते आणि पायाखाली जमीन नसते. त्या कडेला स्वयंसेवक पाठवू नयेत, तिथे कितीही कचरा दिसला तरी.

याशिवाय पुलाच्या खांबांच्या खालच्या अंगाला, नाला नदीला मिळतो त्या तोंडाशी, लव्हाळ्यात आणि जलपर्णीच्या कडेला, आणि पूर ओसरताना काठावर उमटलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेत बघायचं. ही पूररेषा म्हणजे सफाईची सोपी वाट. दोघांनी नुसती तिच्यावरून चालत गेलं तरी पिशवी भरते.

पाहणी आणि वेळ

सफाईच्या आठवडाभर आधी दोन जणांनी ठरलेला पट्टा पायी बघून यावा. कचरा दाट असेल तर २५ जणांना दोन तासांत ३०० ते ५०० मीटर लांबीचा एकच काठ पुरेसा आहे. त्याहून लांब पट्टा घेतला की मोठ्या वस्तू उचलल्या जातात आणि लहान तुकडे तसेच राहतात. पुढे त्यांचे आणखी तुकडे होतात आणि मग ते कुणालाच उचलता येत नाहीत. आमचं स्पष्ट मत आहे की दरवेळी नवी जागा शोधण्यापेक्षा एकच पट्टा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करावा. कचरा कुठून येतो आहे हे त्याशिवाय उमगत नाही.

पाहणीत काठाची मालकी कुणाची आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. गाडीची जागा, चढ-उताराच्या वाटा, नाल्यांची तोंडं, काचेचे ढीग, मधमाश्यांची पोळी, सापांना आवडतील अशा दगडांच्या राशी नकाशावर टिपा. मोबाइलला रेंज आहे का, जवळचा दवाखाना कोणता, रुग्णवाहिकेला पत्ता कसा सांगायचा, हेही तिथे उभं राहूनच लिहून घ्या.

हंगामाचं म्हणाल तर पूर ओसरल्यावर, पण गवत वाढण्याआधी केलेली सफाई सगळ्यात फळते. एकदा गवत गुडघ्याएवढं झालं की खालचा कचरा दिसत नाही आणि पाय कशावर पडतो तेही कळत नाही. जोराच्या पावसानंतर किमान ४८ तास थांबा. पहिल्या सरी रस्त्यांवरची आणि गटारांतली घाण नदीत आणतात, शिवाय भरलेल्या सांडपाण्याच्या वाहिन्या उतू जातात, त्यामुळे त्या दोन दिवसांत पाण्यातले रोगजंतू खूप वाढलेले असतात. वर धरण असेल तर पाणी कधी सोडणार ते आधी विचारून घ्या. तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पाणी चढू शकतं. भरती-ओहोटीचा परिणाम होणाऱ्या खाडीजवळच्या पट्ट्यात ओहोटीच्या नीचांकाआधी दोन तास सुरू करा आणि पाणी फिरलं की थांबा.

पाण्यात उतरायचं नाही

हा नियम पोहता येणाऱ्यांनाही लागू आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की शरीरावरचा जोर चौपट होतो. वेगाने वाहणारं जेमतेम १५ सेंटीमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. तळाशी दगडांत पाय अडकला तर प्रवाह माणसाला पुढे ढकलून तोंड पाण्याखाली दाबतो. छोट्या बंधाऱ्यांजवळ तर मुळीच जाऊ नये. त्यांच्या पायथ्याशी पाणी वरून पडून पुन्हा मागे, भिंतीकडे फिरतं आणि त्या भोवऱ्यात सापडलेली वस्तू बाहेर निघत नाही, माणूसही नाही.

पाण्याच्या कडेला काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवं आणि काठावर १५-२० मीटरची तरंगणारी दोरी घेऊन एक माणूस फक्त त्यांच्याकडे बघत उभा हवा. कुणी पडलं तर मागून उडी मारायची नाही, दोरी फेकायची. पडलेल्याने पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून वाहत राहायचं आणि तिरकं काठाकडे सरकायचं. हे सुरुवातीच्या सूचनांमध्ये सगळ्यांकडून एकदा म्हणवून घ्या.

साहित्य आणि गटाची रचना

हातमोजे विणलेले आणि तळव्याला नायट्रिलचा (कृत्रिम रबराचा) जाड थर असलेले घ्या. वापरून फेकायचे पातळ मोजे दहा मिनिटांत फाटतात आणि स्वतःच कचरा होतात. मात्र कोणताही साधा हातमोजा सुई अडवत नाही. त्यामुळे जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात घालायचा नाही: गवताच्या बुडख्यात, बिळात, बंद पिशवीत. तिथे ८०-९० सेंटीमीटर लांबीचा चिमटा वापरायचा. पायात जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट हवेत. चपला-सँडल घालून आलेल्यांना नोंदीचं किंवा वर्गवारीच्या जागेवरचं काम द्या, काठावर पाठवू नका.

पातळ काळ्या पिशव्यांपेक्षा विणलेली पोती कितीतरी बरी. त्यांच्यातून पाणी निथळतं, काटक्यांनी ती फाटत नाहीत, झटकून पुन्हा वापरता येतात. काचेसाठी कडक बादली, सुयांसाठी फिरकीच्या झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा, आणि फावडं, विळा, पहार एकेक. प्यायचं पाणी माणशी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त. हात धुवायला साबण आणि वेगळं पाणी ठेवा. जेवणाआधी, पाणी पिण्याआधी, फोन हातात घेण्याआधीही हात धुवायला हवेत. फोनचं सगळेच विसरतात.

चार जणांचा गट सोयीचा पडतो: दोघं उचलणारे, एक पोतं धरणारा, एक नोंद करणारा. दर दहा-बारा माणसांमागे एक अनुभवी प्रमुख. पोतं धरणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा की पोतं मांडीला किंवा पोटरीला टेकवायचं नाही, खांद्यावर किंवा पाठीवर टाकायचं नाही. फुटकी काच किंवा सुई कापडातून आरपार येते. तोंड बांधायचं, वरच्या टोकाला धरायचं आणि अंगापासून लांब ठेवून न्यायचं. पोतं दोन-तृतीयांशच भरायचं, त्यामागे वजनाइतकंच हेही कारण आहे.

लहान मुलं येणार असतील तर त्यांना सपाट, आधी बघून ठेवलेला, काच नसलेला तुकडा द्या आणि दर चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस.

सुई, ताप आणि हात न लावायच्या वस्तू

सुई दिसली की दिसणाऱ्याने तिथेच उभं राहून प्रमुखाला हाक मारायची. डबा हातात धरायचा नाही, सुईशेजारी जमिनीवर ठेवायचा. चिमट्याने सिरिंज मधोमध पकडायची आणि टोक खाली करून डब्यात सोडायची. सुईवर टोपण परत बसवायचा प्रयत्न करू नका, तेव्हा सुई टोचण्याचा धोका मोठा असतो. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून दवाखान्याच्या कचऱ्याच्या व्यवस्थेत द्यायचा, पोत्यात नाही.

टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, चोखू नका. थेट रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हेही डॉक्टर विचारतील. धनुर्वाताची लस सगळ्यांनी आधीच घेतलेली असावी. तिचा बूस्टर दर दहा वर्षांनी लागतो, आणि मातीने माखलेली जखम झाली तर आधीच्या बूस्टरला पाच वर्षं होऊन गेली असली तरी डॉक्टर तो पुन्हा देतात.

याहून कमी लक्षात येणारा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि इतर जनावरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. बारीक ओरखडा, पाण्याने भिजून मऊ झालेली कातडी, डोळे किंवा तोंड यांतून शरीरात शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, क्वचित दोनच दिवसांनी किंवा महिन्याने. तोवर सफाईचा दिवस विसरलेला असतो. म्हणून निरोप देताना प्रत्येकाला सांगा: महिनाभरात ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना नदीकाठी काम केल्याचं न विसरता सांगा. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. ज्यांच्या हातापायावर जखम आहे त्यांनी ती पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकावी, मोठी असेल तर काठावर उतरूच नये.

काही वस्तू उचलायच्या नाहीत, खूण करायची, फोटो काढायचा आणि संबंधित यंत्रणेला कळवायचं: रंगीत किंवा अनोळखी द्रव असलेल्या बंद बाटल्या, रसायनांचे पिंप, गॅसच्या टाक्या, फुगलेल्या बॅटऱ्या, जुने नालीदार सिमेंटचे पत्रे ज्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिशव्या, मेलेली जनावरं. झाकण उघडून वास घेऊन बघण्याचा मोह फार जणांना होतो. तो घातक आहे.

गाळात रुतलेलं कापड आणि टायर

सगळ्यात जास्त वेळ आणि कंबर खाणारं काम हे. गाळातून कापडाचं एक टोक दिसतं, माणूस ते धरून ओढतो, ते हलत नाही, मग आणखी दोघं येतात. एक तर टोक फाटून तिघं मागे पडतात, नाहीतर कापड सुटताना काठाचा मोठा लपका सोबत घेऊन येतं. कापडाच्या धाग्यांत गाळ घट्ट बसलेला असतो, आतून गवताची मुळं गेलेली असतात, आणि ओल्या गाळाखाली हवा शिरायला वाट नसल्याने ते खालून चिकटून धरलेलं असतं. जोर लावून हे सुटत नाही. फावड्याने कडेने एक वीत खोल चर घ्या म्हणजे खाली हवा आणि पाणी शिरतं. मग एका बाजूने पहारीने हळूहळू उचकटा आणि पाठ न वाकवता गुडघ्यातून उठा. तरीही येत नसेल तर जमिनीलगत विळ्याने कापून वरचा भाग न्या. कापडामुळेच काठ धरून राहिला आहे असं दिसलं तर आतला भाग तसाच राहू द्या. उघडा पडलेला काठ पुढच्या पुरात ढासळतो आणि त्या मातीबरोबर झाडंही जातात.

टायरचं तसंच. कारचा रिकामा टायर आठ-दहा किलोचा असतो, पण आत भरलेल्या गाळासकट त्याचं वजन दोन-तीन पट होतं. तो जागेवरच उभा करून आतला गाळ काठीने उकरून काढा, मगच हलवा. त्याआधी आत साप किंवा विंचू नाही ना, ते लांब काठीने हलवून बघा. टायरमध्ये किंवा बाटलीत लहान मासे, खेकडे, गोगलगायी असल्या तर पाण्यासकट नदीत परत सोडा. साध्या पाण्याच्या बाटल्यांमधलं पाणीही पोत्यात टाकण्याआधी ओतून द्या: एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते वजन कुणीतरी चढावर वाहणार असतं.

काय जागेवर ठेवायचं

पडलेली झाडं, वाळक्या फांद्या, पालापाचोळा, शिंपले हे नदीचं घर आहे. कीटक, मासे आणि पक्षी त्यावर जगतात. स्वच्छ दिसावं म्हणून काठ खरवडून काढणारी सफाई नदीचं नुकसान करते. उभ्या मातीच्या काठातली गोल बिळं बहुधा खंड्या किंवा वेड्या राघूची घरटी असतात. वाळूच्या पट्ट्यांवर टिटव्या आणि सुरय अंडी घालतात, आणि ती अंडी खड्यांसारखी दिसत असल्याने पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. विणीच्या काळात अशा पट्ट्यांवर जाऊ नका. फांदीला गुंडाळलेली पिशवी सोडवताना फांदी मोडू नका, पिशवी कापा. एका नदीतून दुसरीकडे जाताना बूट आणि अवजारं तपासून, धुऊन, पूर्ण वाळवून न्या. मातीच्या एका ढेकळातून उपद्रवी वनस्पतींचे तुकडे आणि बिया सहज प्रवास करतात.

थर्माकोलचे मणी आणि प्लॅस्टिकचे चुरे सगळे उचलता येणार नाहीत, हे आधीच मान्य करा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात आणि ते हाताने वेचण्यात माणसं फुकट जातात. कोरड्या वाळूवर बारीक चाळणीने एक चौरस मीटर जागा चाळून तुकडे मोजले तर निदान प्रमाण कळतं. माती मात्र जागेवरच ठेवायची.

उचलल्यानंतर

पोती वीस मिनिटं निथळू द्या आणि लटकत्या काट्यावर वजन करा. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करा. पावसाळी दिवसाचं आणि कोरड्या दिवसाचं वजन एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो, कारण अर्धं वजन पाण्याचं आणि गाळाचं असतं. म्हणून वजनाबरोबर नगही मोजायचे.

पुनर्वापराबद्दल खरं काय ते स्वयंसेवकांना सांगा. नदीतून निघालेल्या प्लॅस्टिकचा मोठा भाग पुनर्वापराच्या कामाचा राहिलेला नसतो. उन्हाने ते ठिसूळ झालेलं असतं, घड्यांत गाळ असतो, निरनिराळे प्रकार एकत्र चिकटलेले असतात, आणि धुवायला जाणारं पाणी परत घाणच होतं. धातू, काच, बऱ्या अवस्थेतल्या बाटल्या आणि जाड डबे एवढंच वेगळं काढा. बाकी सगळं रीतसर कचरा डेपोत जाऊ द्या. काठावर जाळू नका. कमी तापमानाला जळणाऱ्या मिश्र प्लॅस्टिकमधून, विशेषतः पीव्हीसीमधून, डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात. आणि तिथेच पुरू नका, पुढचा पूर ते उकरून काढतो.

मोजणी

१९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर एका संस्थेने सफाई घेतली आणि प्रत्येक वस्तूची छापील तक्त्यावर नोंद करून घेतली. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणाऱ्या किनारा स्वच्छता दिनाची सुरुवात तिथून झाली. त्या तक्त्यांमुळेच कित्येक वर्षं सिगारेटची थोटकं यादीत सर्वात वर होती, हे कळलं. थोटकाचं टोक कापसाचं वाटतं, पण ते सेल्युलोज अॅसिटेट नावाचं प्लॅस्टिक असतं. नुसतं वजन केलं असतं तर थोटकं कधी दिसलीच नसती.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने समुद्रात जाणाऱ्या नदीतल्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के प्लॅस्टिक एक हजाराहून जास्त नद्यांमधून जात असल्याचा अंदाज दिला, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे असं दाखवलं. तुमच्या गावामागचा ओढाही अशाच एखाद्या नदीला मिळत असू शकतो. म्हणून तिथली नोंद मोलाची आहे.

वस्तू स्वतःच पत्ता सांगतात. कान साफ करायच्या काड्या, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू (वेट वाइप्स) सापडले तर सांडपाण्याची वाहिनी उतू जाते आहे. मसुराएवढे एकसारखे प्लॅस्टिकचे दाणे कारखान्यातून किंवा वाहतुकीत सांडलेले असतात. पुलाच्या बरोबर खाली गाठ मारलेल्या पिशव्या म्हणजे गाडी थांबवून टाकलेला घरचा कचरा. एकाच सपाट जागी पेले, ताटल्या, बाटल्या म्हणजे तिथे लोक बसतात आणि जवळ झाकणाची कचरापेटी नाही.

कचरा आणणारा नाला शोधायचा असेल तर काठाचे ५० मीटरचे टप्पे पाडा आणि खालच्या अंगाकडून वर चालत जा. प्रत्येक टप्प्यात दहा मीटर लांबीच्या पट्टीतले नग मोजा. वर जाताना आकडा जिथे एकदम पडतो, त्या दोन टप्प्यांच्या मध्ये कचऱ्याचं तोंड असतं. यात एक फसगत होऊ शकते: वळणाच्या आतल्या काठावर आकडा तसाही फुगतो. त्यामुळे सरळ काठाची तुलना सरळ काठाशीच करा.

तोंड सापडलं की जाळी लावायची इच्छा होते. स्वतःहून लावू नका. जाळीला जादा पाणी जायला वाट ठेवावी लागते आणि प्रत्येक पावसानंतर ती रिकामी करावी लागते. नाहीतर ती तुंबते आणि गटाराचं पाणी मागे घरांत शिरतं. हे काम यंत्रणेचं आहे आणि होऊ शकतं. अमेरिकेत बाल्टिमोरला जोन्स फॉल्स नदीच्या मुखाशी २०१४ पासून पाण्याच्या प्रवाहावर आणि सौरऊर्जेवर चालणारं एक चाक तरंगता कचरा उचलून पेटीत टाकतं.

यंत्रणेला पत्र लिहाल तेव्हा स्वयंसेवकांची संख्या आणि एकूण वजन एका ओळीत आटोपा. पत्राचा जीव पुढच्या चार गोष्टींत असतो: नाल्याच्या तोंडाचं ठिकाण नकाशावर, त्याच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यातले आकडे, सापडलेल्या पहिल्या पाच प्रकारच्या वस्तू, आणि तारखेसह एकाच जागेवरून काढलेले फोटो. मागणी एकच ठेवा, जाळी किंवा वाहिनीची दुरुस्ती किंवा कचरापेटी. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर पुढच्या पावसानंतर, पाणी उतरून दोन दिवस झाल्यावर, त्याच दोन टप्प्यांची मोजणी पुन्हा करा आणि आधीच्या पत्राची तारीख वर लिहून नवे आकडे पाठवा.